मागचा ॲक्सल उलटा

एक गोष्ट आधीच सांगतो. ज्या वस्तूबद्दल मी बोलणार आहे ती मला पहिल्या दिवशी समजली नव्हती, आणि आजही पुरती समजलीय असं नाही. सोळा वर्षं मी डिचोलीच्या एका गॅरेजात लेथवर काढली. माइन्सचे ट्रक यायचे, त्यांची मोडलेली हाडं आम्ही नीट करायची. सोळा वर्षांत माझ्या टाळक्यात एकच गोष्ट ठोकून बसलेली: ॲक्सल हलता कामा नये. ॲक्सल हलला की ट्रक गेला, ड्रायव्हर गेला, आणि वर मुकादमाच्या शिव्या आल्या. असा मी, विठू टर्नर, आणि मीच एक ॲक्सल बनवला जो हलावा म्हणून महिनाभर डोकं फोडून घेतलं. कोणाला सांगायची सोय नव्हती. गॅरेजातले लोक हसलेच असते.

हे सगळं माझ्या धाकट्या भावासाठी, गुरुदाससाठी. गुरू ट्रकवर क्लीनर होता. ह्या सगळ्याच्या चार वर्षं आधी ड्रायव्हर ट्रक मागे घेत असताना तो चाकाखाली आला आणि त्याचे दोन्ही पाय गुडघ्याच्या वर कापावे लागले. तेव्हा तो तेवीस वर्षांचा. घरी आणला त्याच आठवड्यात मी त्याला फळी करून दिली. फणसाचं लाकूड, खाली चार जुनी बेअरिंगं, आणि हाताने रेटायला दोन लाकडी ठोकळे, त्यांच्या तळाला टायरचं रबर मारलेलं. फळी सरळ चांगली जायची. वळायची मात्र नाही. वळायचं तर थांबायचं, ठोकळे टेकून अंग उचलायचं आणि फळी ओढून तिचं तोंड फिरवायचं. सपाटीवर किंवा चढावर हे जमतं.

पण आमचं आमोण्यातलं घर उंचावर. घरापासून खाली तिठ्यापर्यंत, म्हणजे तीन रस्ते मिळतात तिथपर्यंत, उतार. आणि उताराच्या बरोबर मध्ये आंब्याकडे एक वळण. वेगात आलेली फळी तिथे सरळ गटारात. म्हणून उतरताना मी त्याच्या पाठी, माझा हात त्याच्या पाठीवर. मी कामावर असलो की माझी बायको देवकी. आम्ही दोघंही नसलो की गुरू ओसरीवर. चार वर्षं असंच चाललं होतं, आणि खरं सांगायचं तर मला त्यात काही वाईट दिसत नव्हतं. भावाला भावाने धरायचं नाही तर कोणी धरायचं?

गोवा राज्य झालं त्या वर्षी गुरूने आम्हाला न विचारता एक अर्ज केला. तेव्हा अपंगांना टेलिफोनचे बूथ मिळायला लागले होते. चवथीचे गणपती पाण्यात गेले आणि दुसऱ्या दिवशी पणजीहून उत्तर आलं. तिठ्यावरची जागा चालेल. दसऱ्यानंतरच्या बुधवारी साहेब पाहणीला येतील. अट एकच: अर्जदाराला घरून बूथवर कोणाच्याही मदतीशिवाय स्वतः जाता-येता आलं पाहिजे.

"ही कसली अट?" मी म्हटलं. "अपंगाला देतात आणि म्हणतात चालून दाखव?"

"लोक अपंगाच्या नावावर बूथ घेतात आणि आत मेव्हणा बसतो," गुरू म्हणाला. त्याने त्या पत्राची परत घडी घातली. "म्हणून ते बघतात."

"मग येऊ दे बघायला. मी नेतो तुला खाली."

"तू नेलंस तर बूथ गेला, दादा."

मला राग आला. चार वर्षं मी नेतोय, ते काय उगाच? मी तसं बोलूनही दाखवलं. देवकी आतून म्हणाली, "ओरडताय कोणावर? त्याला बूथ हवाय, तुमचा हात नकोय असं तो म्हणाला का?" मला तर तेच ऐकू आलं होतं. पण बायकोशी वाद घालून कोणाचं भलं झालंय?

देवकीचं माहेर मांद्र्याचं. तिच्या भावाने समुद्राकडे तीन खोल्या बांधून गोऱ्या लोकांना भाड्याने द्यायला सुरुवात केली होती. त्या महिन्यात एक रविवार आम्ही तिकडे गेलो. अंगणात चहा पीत उभा होतो, तर समोरच्या डांबरी रस्त्यावरून एक गोरा उभ्याउभ्या फळीवरून आला. खाली चार चाकं. हाताला काही नाही, दोरी नाही, दांडा नाही. वळणावर तो नुसता एका अंगाला कलला आणि फळी वळली. परत दुसरीकडे कलला, परत वळली. चहा माझ्या हातात थंड झाला.

माझ्या मेव्हण्याने त्याला सांगितलं की आमचे भावजी टर्नर आहेत. मग काय, लगेच त्याने फळी पालथी करून दाखवली. मागच्या ॲक्सलचा बोल्ट झिजला होता, नवा हवा होता. तळहाताएवढा तो सांगाडा, त्याला तो ट्रक म्हणत होता. मी दहा टनी ट्रकांखाली लोळणारा माणूस. म्हटलं, म्हण बाबा तुला काय म्हणायचं ते.

फळी मी डिचोलीला नेली, गोराही बरोबर आला. बोल्ट करायला अर्धा तास लागला, पण त्याआधी मी सगळं खोलून बसलो. एक प्लेट, ती फळीला लागते. प्लेटमधून एक तिरकी किंगपिन, म्हणजे जाड बोल्टच. किंगपिनवर ॲक्सल, आणि दोन्ही बाजूंना रबराचे जाड बुश. फळी एका बाजूला दाबली की रबर दबतं, ॲक्सल त्या तिरक्या पिनेवर फिरतो, आणि चाकं वळतात. हे मी आता सांगतोय. तेव्हा मी ते एका हाताने दाबत होतो आणि दुसऱ्या हाताने डोकं खाजवत होतो. सैल ठेवलेला ॲक्सल माणसाला नेतो कसा? मोडत का नाही? गोऱ्याला विचारलं तर तो हसला आणि अंगठा दाखवला. शिरा पडो त्याच्या अंगठ्यावर.

पण मी मापं घेतली. कागदावर चित्र काढलं. गुरूला दाखवलं तर त्याने कागदावरच्या पिनेवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "म्हणजे मी नुसता कललो की वळणार?"

"असं म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"मी बघितलंय," मी म्हटलं. माझाच विश्वास नव्हता, त्याला कुठून देणार?

गुरूची फळी गोऱ्याच्या फळीपेक्षा रुंद, म्हणून ॲक्सल रुंद केले. बुश कापले कन्व्हेअर बेल्टच्या रबरातून; तसं रबर बाजारात मिळत नाही, मालाच्या पट्ट्यावर वर्षानुवर्षं दगड झेलतं ते. बेअरिंगांवरही त्याच रबराच्या कड्या चढवल्या. पहिला जोड तयार झाला तेव्हा माझ्या डोक्यात गॅरेजची शिस्त आली. नवीन ट्रक आधी माल घालून चालवतात, माणूस मागाहून. मी फळीवर लोखंडाच्या खनिजाच्या मातीचं एक पोतं बांधलं, गुरूच्याच वजनाचं, आणि वळणाच्या वर नेऊन सोडलं. पोतं सरळ गेलं आणि गटारात पडलं. परत नेलं, परत सोडलं. परत गटारात. तिसऱ्या खेपेला पोतं फाटलं आणि रस्ता लाल झाला.

मी घरी येऊन पाना आपटला. "फुकट गेलं सगळं. वळतच नाही."

गुरू हसायला लागला. इतका हसला की देवकी बाहेर आली. "दादा," तो म्हणाला, "पोतं कुठे कलतं?"

मी उंटावरचा शहाणा. चार वर्षांत त्याला इतकं हसताना मी बघितलं नव्हतं. मग मीही हसलो, पण मला मनातून बरं वाटलं नाही. त्याचं वजन मोजताना मला तो आणि पोतं एकच वाटलं होतं, हे मला तेव्हाच कळलं.

मग तो बसला. देवळापुढच्या सपाट फरशीवर मी त्याला हळू ढकललं आणि म्हटलं, उजवीकडे कल. तो कलला. फळीचं तोंड समोरच राहिलं आणि ती सगळीच्या सगळी उजवीकडे सरकत गेली. कुर्ली, म्हणजे खेकडा, जाते तशी, तिरकी. डावीकडे कलला, डावीकडे सरकली. देवळात आलेली माणसं थांबून बघायला लागली. एकजण म्हणाला, विठूने कुर्ली केली. माझं डोकं सटकलं.

दोन दिवस मी ती फळी उलटीपालटी करून बघत होतो. सगळं बरोबर होतं. दोन ॲक्सल, दोन्ही सारखे, दोन्ही एकाच दिशेने बसवलेले. माइन्सच्या ट्रकचे सगळे ॲक्सल एकाच दिशेने बसतात, मी शेकडो बसवलेत. गोऱ्याच्या फळीवर कसे होते ते आठवेना, कारण मी ते सुटे करून मापं घेतली होती आणि जोडताना गोऱ्याशी हुज्जत घालत होतो. मी टर्नर आहे, मूर्ख नाही, असं मी देवकीला सांगत होतो, आणि ती तांदूळ निवडत ऐकत होती.

"खाट दारातून कशी काढतात?" तिने मध्येच विचारलं.

"आता खाट कुठे आली?"

"तुम्ही आणि भावजी अंगणात खाट काढायचात, आधी, पाय होते तेव्हा. कोपरा आला की पुढचा उजवीकडे जायचा. मागचाही उजवीकडे गेला असता तर?"

"खाट भिंतीवर गेली असती."

"मग मागचा कुठे जायचा?"

मागचा डावीकडे जायचा. मागचा मीच असायचो. मी उठलो, मागचा ॲक्सल काढला, उलटा फिरवून बसवला आणि चारी बोल्ट आवळले. सोळा वर्षांत मी ॲक्सल उलटा बसवला नव्हता. कोणी बसवला असता तर कानफाटात मारली असती.

फळी वळली. पण जेमतेम. गोरा उभा राहून कलतो, त्याचं सगळं अंग कामाला येतं. गुरू फळीला चिकटून बसतो, तो कितीही कलला तरी रबर थोडंसंच दबतं. म्हणून मी किंगपिन अजून उभी केली, कारण हात लावून बघता बघता एवढं कळलं होतं की पीन जितकी उभी, तितकी थोड्या कलण्यातही चाकं जास्त वळतात. नवीन जोड बसवला. आता फळी अशी वळायची की गुरूने मान फिरवली तरी ती वळे. उतारावर वेग आला की मागची बाजू शेपटीसारखी हलायला लागे. पहिल्यांदा झालं तेव्हा मी धावत होतो बरोबर, मी त्याला काखेत धरून उचललं. फळी एकटी खाली गेली.

"का उचललंस?" गुरू म्हणाला.

"पडला असतास."

"ठोकळे टेकले असते मी. थांबली असती."

"तू पडला असतास," मी म्हटलं, आणि विषय संपवला.

प्रत्येक चाचणीला असंच. मी त्याच्या बाजूने धावायचो, हात त्याच्या पाठीपासून वीतभर. तो म्हणायचा, दादा, हात काढ. मी म्हणायचो, उद्या काढतो, आधी शेपटी थांबू दे. आणि शेपटी काही थांबत नव्हती. पीन उभी ठेवली तर शेपटी, आडवी केली तर वळत नाही. इकडे आड, तिकडे विहीर. चार दिवस मी जेवताना ताटात बोटाने पिना काढत होतो. साहेब यायला नऊ दिवस राहिले होते.

शेवटी जमलं ते अकलेने नाही, आळसाने जमलं. मी जरा उभ्या पिनेचं नवीन माप धरून दोन प्लेटी करायला घेतल्या होत्या. पुढची झाली, मागची व्हायच्या आत गॅरेजात दोन ट्रक एकदम आले आणि मला वेळ मिळाला नाही. मागे जुनी, आडव्या पिनेची प्लेट तशीच राहिली. रविवारी गुरू म्हणाला, आहे तशी बघू. मी म्हटलं, अरे, पुढे एक आणि मागे भलतंच, असं कुठे असतं? तो म्हणाला, ॲक्सल उलटा कुठे असतो? मी पाना ठेवून दिला.

तो वळणावर गेला आणि वळला. पुढची चाकं पटकन वळली, मागची सावकाश, जडपणे, आणि शेपटी हलली नाही. परत वर आणला, परत वळला. सात वेळा. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती असं म्हणतात, माझं उलटं झालं होतं. मी मारुती करून ठेवला आणि तोच गणपती निघाला. गुरूच्या डोळ्यांत पाणी होतं, त्याने लपवलं नाही. मी मात्र तिथेच बसून का जमलं ते शोधत होतो. मांद्र्याच्या गोऱ्याच्या फळीलासुद्धा दोन्हीकडे पिना सारख्याच होत्या. मग आम्ही केलं ते काय केलं?

त्या सातही वेळा मी बाजूने धावलो होतो. हात वीतभरावर. एकदाही लावला नाही, पण काढलाही नाही.

बुधवारी साडेदहाला साहेबाची जीप आली. साहेब पन्नाशीचे, घामेजलेले, हातात फाईल. चहा घेतला. फॉर्मवर बरेच रकाने होते. नाव, वय, शिक्षण. "मातृभाषा?" त्यांनी विचारलं. आता ह्यावरून, मराठी की कोकणी, तेव्हा गोव्यात डोकी फुटत होती. आमच्या घरात आम्ही बोलतो मालवणीसारखं, बाजारात कोकणी, आणि वाचतो-लिहितो मराठीत. मी म्हटलं, "साहेब, काय लिहिलं तर बूथ मिळेल?" गुरूने माझ्याकडे डोळे वटारले आणि म्हणाला, "मराठी लिहा." साहेबांनी लिहिलं आणि फाईल मिटली.

"आता तिठ्यापर्यंत जाऊन दाखवा," ते म्हणाले. "मी मागून चालत येतो. बाकी कोणी बरोबर नको."

"नाही, नाही," मी म्हटलं. "मी लांबून."

देवकीने माझा सदरा मागून धरला होता. मी तो सोडवून घेतला.

गुरू निघाला. ठोकळ्यांनी दोन रेटे दिले आणि उतार लागला. मी रस्त्याच्या कडेने, दहा पावलं मागे. मग आठ. मग मला माझं कळेनासं झालं. आंबा जवळ येत होता. वेग रोजच्यापेक्षा जास्त होता, की मला तसा वाटला, देव जाणे. वळणावर गुरू उजवीकडे कलला. गटारापासून दूर, वळणाच्या आत. इतका कलला की त्याचा खांदा रस्त्याला लागेल असं मला वाटलं. आजवर तो इतका कधी कलला नव्हता, कारण आजवर तिथे माझा हात असायचा. मला दिसलं की तो पडतोय. मी धावलो आणि त्याला काखेत धरलं.

फळी त्याच्या खालून सुटली, वळण तिचं तोवर घेऊन झालं होतं, ती नीट खाली गेली आणि तिठ्यावरच्या बसथांब्याला जाऊन टेकली. आम्ही दोघं रस्त्यावर पडलो. मी खाली, तो माझ्यावर.

साहेब धापा टाकत आले. गुरूला लागलं नव्हतं. माझी ढोपरं फुटली होती. साहेब आधी फळीकडे बघत राहिले, मग आमच्याकडे.

"का धरलंत त्यांना?" त्यांनी मला विचारलं.

पडत होता म्हणून धरलं, असं म्हटलं तर त्याला एकट्याने येता येत नाही. पडत नव्हता म्हटलं तर मग धरलं का?

"मी पडत नव्हतो," गुरू म्हणाला. आवाज शांत होता, तोच मला जास्त लागला.

"ते पडत होते का?" साहेबांनी मलाच परत विचारलं.

"साहेब, मला माहीत नाही," मी म्हटलं. आणि हे मी खोटं सांगत नव्हतो. "मला भीती वाटली."

"परत करून दाखवतो," गुरू म्हणाला. "दोन मिनिटांत वर जातो."

साहेबांनी घड्याळ बघितलं. ते वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "आज दाखवाल हो. पण रोज? तुमचे हे भाऊ रोज बरोबर असणार, आणि रोज असंच धरणार. मी जे बघितलं ते लिहितो." त्यांनी फाईल गुडघ्यावर धरून लिहिलं. काय लिहिलं ते आम्हाला दिसलं नाही, पंधरा दिवसांनी पत्रातून कळलं. मदतीशिवाय ये-जा करू शकत नाही. बूथ दुसऱ्याला गेला. तिठ्यावर नव्हे, पलीकडच्या गावात.

ते पत्र आलं त्या दिवशी मी जेवलो नाही. मी गुरूला म्हटलं, मला शिव्या घाल, ठोकळा फेकून मार, काहीही कर. तो पावाचा तुकडा कालवणात बुडवून खात होता, आधीसारखाच. देवकी म्हणाली, "तुम्ही त्याच्यापुढे रडू नका. आता ते पण त्यानेच बघायचं का?" म्हणून मी मागच्या दारी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरू फळीवर बसला आणि मला म्हणाला, "दादा, मी तिठ्यावर चहा प्यायला जातो."

"चल."

"तू ओसरीवर बस."

"अरे, पण..."

"बस म्हणतो ना."

मी बसलो. खांबाला धरून बसलो. तो निघाला, उताराला लागला, आंब्याकडे पोचला आणि कलला. तेवढं दिसलं, मग आंबा आड आला. चाकांचा आवाज थोडा वेळ आला, मग तोही बंद झाला. आवाज बंद झाला म्हणजे तो लांब गेला, की थांबला, की गटारात पडला? तिन्हींचा आवाज एकसारखाच येतो, म्हणजे येतच नाही. मी दोनदा उठलो. दोन्ही वेळा देवकीने नुसतं बघितलं. मी परत बसलो. सोळा वर्षं यंत्रांच्या आवाजावरून त्यांचं दुखणं ओळखणारा माणूस मी, आणि त्या सकाळी मला काही म्हणता काही कळत नव्हतं.

दीड तासाने तो चढावरून आला, ठोकळ्यांनी रेटत, घामाने भिजून. उजव्या कोपराची सालं निघाली होती. सदरा कमरेपर्यंत लाल मातीने भरलेला. मी टिंचरची बाटली आणि कापूस घेऊन धावलो.

"पडलास?"

"पडलो."

"कुठे? वळणावर? मागची बाजू हलली का? रबर सुटलं?"

"सांगणार नाही."

"अरे, मला सांगायला नको? फळी मी केलीय. काय चुकलं ते कळल्याशिवाय मी दुरुस्त काय करणार?"

गुरू माझ्याकडे बघून हसत होता. रक्त कोपरावरून मनगटापर्यंत आलं होतं आणि हा हसत होता. मला त्याला थोबाडीत मारावंसं वाटलं, जवळ घ्यावंसं वाटलं, आणि दोन्हीपैकी काय करावं ते सुचेना.

"दादा, चार वर्षांत माझा मी एकदाही पडलो नव्हतो," तो म्हणाला. "आज माझा मी पडलो आणि माझा मी उठलो. पाऊण तास लागला उठायला. पण कुठे पडलो ते माझ्याकडेच राहू दे."

मी कापूस टिंचरमध्ये बुडवला आणि त्याच्या कोपराकडे नेला. त्याने माझ्या हातातून बाटली घेतली, कापूसही घेतला, आणि दात आवळून स्वतःच लावायला लागला. मी समोर उभा राहून बघत होतो. झोंबत असणार. त्याने तोंड फिरवलं नाही, आणि मीही हात पुढे केला नाही.